रस्ता लांब होता

"आई, त्यांना सांग. मी उशीर केला नाही म्हणावं. रस्ताच लांब होता."

थेरेसाचं हे शेवटचं धड वाक्य. त्यानंतर ती जे बोलली ते कण्हणंच होतं. ॲम्ब्युलन्स मक्याच्या शेतांमधून धावत होती. ना बर्फ होता, ना वादळ. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मार्सेला क्लूसनरने लेकीचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं होतं, "सांगेन गं, सांगेन. तू आता बोलू नकोस." अशा वेळी माणूस काहीही कबूल करतं. पण मार्सेलाने दिलेला शब्द कधी मोडला नव्हता, मग तो देवाला दिलेला असो की माणसाला. हा तर लेकीला दिलेला होता.

आयोवातल्या क्लेमेन्सव्हिल गावच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा विभाग त्याआधी थोडेच महिने बंद झाला होता. परवडत नाही, म्हणाले. पाळणे ट्रकमध्ये घालून कुठे नेले ते कोणी विचारलं नाही. तेव्हापासून गावातल्या बाईला कळा आल्या की नदीकाठचं मोठं शहर गाठावं लागे. थेरेसाला दिवस भरायच्या आधीच रक्त जायला लागलं. ज्या क्षणी सुरू झालं त्या क्षणी ती निघाली. एका पायात बूट, दुसऱ्या पायात घरातली सपात, अशी. शहर आलं तेव्हा थेरेसा आणि पोटातलं बाळ, दोघंही गेली होती.

आता खोटं कशाला बोला, थेरेसा जन्मभर उशिराचीच होती. शाळेची बस तिच्यासाठी कोपऱ्यावर थांबायची, रविवारची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, अर्धी झाली की ती मागच्या दाराने आत शिरायची, स्वतःच्या लग्नातही तिने फादरना घड्याळाकडे बघायला लावलं होतं. सगळं गाव तिला हसत हसत 'शेवटच्या घटकेची' म्हणायचं. त्यामुळे ती गेली तेव्हा गावाला वेगळा विचार करायची गरजच पडली नाही. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, मोठ्या किटलीतली कॉफी. मार्सेला थाळ्या उचलायला उठली आणि तिच्या पाठीमागून दिराचा, व्हर्जिलचा आवाज आला. तो हळू बोलायचा प्रयत्न करत होता. पण जन्म गुरांच्या लिलावात ओरडण्यात गेलेला, हळू बोलणं त्याला जमतंय कुठलं! "पोर शेवटच्या घटकेची. थोडी आधी निघाली असती तर..."

बाकीच्यांनी माना हलवल्या. वाईट मनाने नव्हे. त्यांना दुःखच झालं होतं. पण त्या दिवसापासून गावात गोष्ट ठरून गेली, थेरेसा क्लूसनर उशिरा निघाली म्हणून गेली. जावई ब्रायन वसंत ऋतूत ॲरिझोनाला निघून गेला. नाताळला त्याचं कार्ड यायचं, पुढे तेही येईनासं झालं.

मार्सेलाने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण तिचा आवाज मुळात लहान. चर्चमध्ये वाचनासाठी नाव घातलं तर ती फादरना सांगून काढून घ्यायची. दुकानात, वेदीवर फुलं ठेवताना, कोणी विषय काढला की ती म्हणे, "ती लगेच निघाली होती हो." समोरची बाई तिचा हात दाबून म्हणे, "हो गं मार्सेला, हो." त्या 'हो'मध्ये दया असायची. विश्वास नसायचा. मार्सेलाने कॉफीतली साखर सोडली, रोज सकाळी मिस्साआधी थेरेसाच्या नावाने पूर्ण जपमाळ म्हणायचा नेम धरला. ते दोन्ही तिला जमलं. दिलेला शब्द तेवढा तसाच राहिला.

मग राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आदल्या उन्हाळ्यात, उमेदवार यायला लागतात तसे यायला लागले. पक्षाचं तिकीट कोणाला मिळावं हे आधी आयोवाने बोलायचं, गावोगावच्या कॉकस नावाच्या सभेत आपापल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात उभं राहून, अशी रीत, त्यामुळे एरवी कोणी ढुंकून बघणार नाही अशा घरांची दारं त्या दिवसांत वाजतात. मार्सेलाच्या दारात एका उत्तरेकडच्या राज्याच्या माजी गव्हर्नर आल्या. कोरा लिंडक्विस्ट. उंच, हाडापेराने मजबूत, पायात शेतावर घालायचे बूट. लहान गावांतले दवाखाने हा त्यांचा विषय होता आणि त्यांच्या प्रचारातल्या कोण्या मुलीने थेरेसाची बातमी कुठल्याशा जुन्या वर्तमानपत्रातून शोधून काढली होती.

बाई स्वयंपाकघरात बसल्या. रुबार्बच्या आंबट देठांच्या गोड वड्या खाल्ल्या. मार्सेला बोलत होती तेवढा वेळ त्यांनी फोनकडे एकदाही पाहिलं नाही. शेवटी म्हणाल्या, "मिसेस क्लूसनर, तुमच्या मुलीचं नाव मी सभांमध्ये घेतलं तर चालेल का? नको असेल तर सरळ नको म्हणा."

मार्सेला म्हणाली, "घ्या. पण एवढं प्रत्येक वेळी सांगा, की ती उशिरा निघाली नव्हती. रस्ता लांब होता."

आणि बाईंनी ते सांगितलं. गावोगाव सांगितलं. जत्रेत गवताच्या गठ्ठ्यावर उभं राहून सांगितलं, टीव्हीवरच्या वादचर्चेत नऊ-दहा उमेदवारांच्या रांगेत अगदी टोकाला उभं राहून सांगितलं. "थेरेसा क्लूसनर वेळेवर निघाली होती. रस्ता लांब होता." मार्सेलाने ते पाहिलं तेव्हा तिने टीव्हीपुढे हात जोडले आणि मग आपल्याच वेडेपणाची लाज वाटून कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून खिडकीकडे बघितलं. बाईंना तिने वचन दिलं, "कॉकसच्या संध्याकाळी क्लेमेन्सव्हिलमध्ये तुमचा कोपरा मी धरेन." बाई म्हणाल्या, "आणि मी तोवर मैदान सोडणार नाही. तुमचं गाव बोलेपर्यंत तरी नाही." दोघींनी हातात हात घेतले होते.

पण नुसत्या हात जोडण्याने मतदारांच्या पाहणीतले आकडे हलत नाहीत. जानेवारी उजाडला तेव्हा लिंडक्विस्टबाई सगळ्यात मागच्यांत होत्या. पुढे होता सिनेटर बर्डसॉल. पांढरेशुभ्र दात, दणकट आवाज, आणि गावात अर्ध्या अंगणांत त्याच्या पाट्या.

डार्लीनच्या कॅफेत सकाळी जमणाऱ्या मंडळींना नवा खेळ मिळाला. कोण कधी पळ काढणार? रोज एकाचं भाकीत दुसऱ्याच्या भाकितावर चढायचं. आणि या खेळातला राजा अर्थातच व्हर्जिल. गुरांच्या बाजारात त्याने आयुष्यभर लिलाव पुकारले होते. बोली लावणारा माणूस कधी हात खाली घेणार हे त्याला त्या माणसाच्या आधी कळायचं, असा त्याचा दावा होता, आणि तो खोटाही नव्हता.

"बघ डार्लीन," तो काट्याने ॲपल पायचा तुकडा उचलत म्हणाला, "ज्याला जनावर हवं असतं तो गप्प असतो. कपाळावर आठी, ओठ घट्ट. ज्याने मनातून सोडलेलं असतं तो बोलायला लागतो. शेजारच्याला कोपर मारतो, हसतो, आणि जनावराची तारीफ करतो. 'काय सुरेख गाय आहे हो!' म्हणाला, की समजायचं, गेला. त्याच्याकडे मी परत बघतसुद्धा नाही."

"आणि ही गव्हर्नरबाई?" डार्लीनने विचारलं.

"अजून आठी आहे. पण फार दिवस नाही. पैज लाव. कॉकसच्या आधीच बाई गाशा गुंडाळणार."

"पैजेत काय?"

"हरलो तर लेंटमधल्या, ईस्टरआधीच्या उपवासांतल्या, चर्चमधल्या शुक्रवारच्या मासे-जेवणाची सगळी भांडी मी घासेन. एकटा."

सगळे हसले. "अरे, घरची तरी घासलीस का कधी?" कोणीतरी म्हणालं. मग सगळ्यांच्या नजरा हळूच काउंटरपाशी पाव घ्यायला आलेल्या मार्सेलाकडे वळल्या. त्यांना ठाऊक होतं लिंडक्विस्टबाई काय सांगत फिरतात ते. आपल्या गावाचं नाव टीव्हीवर येतं याचा त्यांना अभिमान होता. पण जे सांगितलं जातं ते खरं आहे असं मात्र त्यांना वाटत नव्हतं. निवडणुकीत उमेदवार बोलतातच, थोडं मीठमसाला लावून.

"मार्सेला, तुझं काय म्हणणं?" व्हर्जिलने विचारलं. "राहणार की जाणार?"

"राहणार," मार्सेला म्हणाली. "तिने शब्द दिलाय."

"उमेदवाराने दिलेला शब्द!" व्हर्जिल म्हणाला, पण वहिनीचा चेहरा पाहून पुढचं वाक्य त्याने कॉफीबरोबर गिळलं.

मार्सेलाने नेमात आणखी एक भर घातली. रोजच्या जपमाळेनंतर पुन्हा एक दशक, म्हणजे दहा मणी, गव्हर्नर लिंडक्विस्ट टिकाव्यात म्हणून. असल्या गोष्टींसाठी देवाला त्रास द्यावा का, याचा तिने विचार केला होता. त्या जिंकाव्यात असं तिने कधी मागितलं नाही. तिने फक्त मागितलं, की हा आवाज बंद पडू नये. कारण तो आवाज बंद पडला तर थेरेसा पुन्हा उशिराचीच होणार होती, आणि या वेळी कायमची.

अशातच एके सकाळी फोन आला. प्रचाराच्या कचेरीतली मुलगी, केल्सी. आवाजात धावपळ. "मिसेस क्लूसनर, कॉकसच्या संध्याकाळी कोपऱ्यासाठी काहीतरी गोड आणणार ना तुम्ही? गेल्या वेळी म्हणाला होतात."

"वड्या आणेन. रुबार्बच्या."

"वा! मोठं ताट भरून आणा हं. कुंपणावरची माणसं वड्यांनी इकडे येतात."

मार्सेलाने फोन ठेवला आणि तिला इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हलकं वाटलं. जी बाई सोडून जाणार असते ती वड्या कशाला मागवेल? आयोवातल्या कोणत्याही बाईने हाच हिशोब मांडला असता. ज्या घरात पाहुणे येणार नसतात त्या घरासाठी कोणी ताट भरायला सांगत नाही. ती घरच्या तळघरात गेली, फ्रीझरमधून उन्हाळ्यात चिरून ठेवलेला रुबार्ब काढला आणि साखर आणायला दुकानात जाताना वाटेत कॅफेच्या दारातून डोकावून व्हर्जिलला ऐकू जाईल असं म्हणाली, "भांडी घासायला एप्रन आण हो घरून." अख्खा कॅफे चकित झाला. मार्सेलाने कोणाला टोमणा मारलेला त्यांनी यापूर्वी ऐकला नव्हता.

केल्सीने ते सगळ्या गावांना विचारलं होतं. एक यादी होती, ती वरून खाली वाचत गेली होती. ठरलेलं काम ती करत होती, कारण करू नको असं तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. हे मार्सेलाला नंतर कळलं.

कॉकसच्या आधीच्या शनिवारी लिंडक्विस्टबाई क्लेमेन्सव्हिलला आल्या. चर्चच्या त्याच तळघरात सभा. खुर्च्या बऱ्याच मांडल्या होत्या आणि त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहिल्या. मार्सेला पहिल्या रांगेत बसली. व्हर्जिल मागे भिंतीला टेकून, हाताची घडी घालून. तो बर्डसॉलवाला, पण लिलाव सोडून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं.

बाई आत आल्या तेव्हा हसत होत्या. अगदी मोकळ्या. दारातल्या म्हाताऱ्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली, कॉफी ओतणाऱ्या बाईंना नाव विचारलं, कोणाच्या तरी स्वेटरची स्तुती केली. मार्सेलाच्या मनात काहीतरी हललं. तिने वळून पाहिलं नाही, पण भिंतीपाशी व्हर्जिलने हाताची घडी सोडली असणार हे तिला पाठीनेच कळलं.

भाषण सुरू झालं. बाईंनी आयोवाच्या लोकांची तारीफ केली. त्यांचे दयाळू चेहरे, त्यांची स्वयंपाकघरं, त्यांची शेतं. "काय सुंदर राज्य आहे हे!" त्या म्हणाल्या. दवाखान्यांचं थोडं बोलल्या. मार्सेला वाट पाहत होती. आता नाव येईल. आता.

"मित्रांनो," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज भरून आला, "मोठा प्रवास झाला. तुम्ही माझ्याबरोबर चाललात. रस्ता लांब होता."

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मार्सेलाचे हात मांडीवरच राहिले. लेकीचं शेवटचं वाक्य होतं ते. बाईंनी ते इतक्या वेळा उच्चारलं होतं की आता त्यांच्या तोंडी ते त्यांचंच झालं होतं, आपल्या दमण्याबद्दल, आपल्या मोहिमेबद्दल. आणि मोहीम चालू राहणार असती तर त्या 'आहे' म्हणाल्या असत्या, त्या 'होता' म्हणाल्या. थेरेसाचं नाव आलंच नाही. बाईंनी ते मुद्दाम गाळलं नव्हतं, हे मार्सेलाला त्यांच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसत होतं. त्या विसरल्या होत्या. मुद्दाम केलं असतं तर मार्सेला रागावू तरी शकली असती.

सभा संपल्यावर बाईंनी तिला मिठीत घेतलं. अंगाला थंड हवेचा आणि साबणाचा वास. "मार्सेला, तुम्ही फार फार चांगल्या आहात."

"सोमवारी तुमचा कोपरा मी धरणार आहे," मार्सेला म्हणाली. "वड्या भाजल्यात."

बाईंच्या डोळ्यांत क्षणभर काहीतरी आलं आणि गेलं. "तुमच्यासारखी माणसं मी कुठे पाहिली नाहीत," त्या म्हणाल्या आणि पुढच्या हाताकडे वळल्या.

बाहेर गाड्यांपाशी व्हर्जिल उभा होता. टोपी कानांवर ओढलेली. त्याने काही म्हणायला तोंड उघडलं, पण नुसतं विचारलं, "तुला काय वाटतं?"

मार्सेलाला माहीत होतं. सगळ्या कॅफेच्या आधी, कदाचित केल्सीच्याही आधी तिला माहीत झालं होतं. पण तिच्या तोंडून ते निघेना. ते बोललं की आपणच दार लावलं असं होणार होतं.

"राहील," ती म्हणाली.

व्हर्जिलने मान हलवली. "बरं," तो म्हणाला. "बर्फ आहे, बघून जा."

रविवारी मिस्सा सुटली तेव्हा बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फोन होता. आपल्या राज्याच्या राजधानीत, पायऱ्यांवर उभं राहून, नवऱ्याचा हात धरून, गव्हर्नर लिंडक्विस्टनी आपली मोहीम 'स्थगित' केल्याचं सांगितलं होतं. सोडली असं कोणी म्हणत नाही. सगळे स्थगित करतात. दिवाणखान्यातल्या सामानावर चादरी टाकून घराला कुलूप लावावं आणि परत येऊ म्हणावं, तसं. सिनेटर बर्डसॉलच्या पाठीशी उभं राहा, असंही त्यांनी आपल्या माणसांना सांगितलं.

केल्सी दुपारी घरी आली. डोळे सुजलेले. ओट्यावर कापड झाकून ठेवलेलं वड्यांचं ताट तिने पाहिलं आणि ती पुन्हा रडायला लागली.

"मला खरंच माहीत नव्हतं, मिसेस क्लूसनर. मी तुम्हाला फोन केला तेव्हा खरंच माहीत नव्हतं."

"मला माहीत आहे गं. बस. एक वडी खा."

"उद्या तुम्ही बर्डसॉलच्या कोपऱ्यात जा असं सांगायला मला पाठवलंय. सगळ्यांना सांगायचंय."

"तो थेरेसाचं सांगेल?"

केल्सीने नाक पुसलं. ती खोटं बोलू शकली असती. तिचं वय खोटं बोलायचंच होतं. "नाही," ती म्हणाली. "त्यांचा दवाखान्यांचा विषय नाही."

ती गेल्यावर मार्सेला जपमाळ घेऊन बसली. रोजचं म्हणून झालं. मग त्या जादा दशकापाशी बोटं थांबली. आता कशासाठी म्हणायचं? तिला त्या क्षणी कळलं, की आपण देवाकडे इतके दिवस जे मागत होतो ते खरं म्हणजे हेच होतं की आपला शब्द दुसऱ्या कोणीतरी पाळावा. मोठ्या आवाजाच्या, उंच बाईने. आपल्या ओठांवरचं ओझं आपण तिच्या ओठांवर ठेवलं, आणि तिचं काय चुकलं? ज्याचं नसतं ते ओझं माणूस कुठेतरी उतरवून ठेवतंच. तिने कसंबसं ते दशक पूर्ण केलं, कारण नेम अर्धा सोडायचा नसतो. पण शब्द कोरडे निघाले. वर कोणी ऐकत आहे असं तिला वाटलं नाही. अशी वेळ थेरेसा गेली तेव्हाही आली नव्हती.

ती तशीच बसून राहिली. आणि मग तिला नवऱ्याची, लिओची आठवण आली. तो होता तोवर गावची कॉकस तोच चालवायचा, शाळेच्या व्यायामशाळेत, बास्केटबॉलच्या जाळीखाली उभं राहून. ज्याने त्याने आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, डोकी मोजायची, ज्या कोपऱ्यात पुरेशी डोकी नाहीत तो मोडायचा आणि तिथल्यांनी दुसरीकडे जायचं. एका वर्षी कोण्या विचित्र उमेदवारासाठी एकटाच म्हातारा भिंतीपाशी उभा राहिला होता आणि सगळे त्याला हसत होते. लिओने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "कोपऱ्यात एकजण असला तरी तो कोपराच," तो म्हणाला होता. "मोजणीच्या आधी त्याला बोलू द्यायचं."

तिने व्हर्जिलला फोन लावला. लिओनंतर कॉकस तोच चालवत होता.

"व्हर्जिल, उद्या मी लिंडक्विस्टच्या कोपऱ्यात उभी राहिले तर?"

"मार्सेला, ती गेली. कोपराच नाही."

"कोणी उभं राहिलं तर आहे. लिओ म्हणायचा."

"एकटीच असशील तू. मोजलं की लगेच मोडेल. तुला परत कुठेतरी जावंच लागेल."

"मोजायच्या आधी बोलायला देतोस ना?"

"देतो. थोडा वेळ. द्यावाच लागतो." मग म्हणाला, "पण तू? तू चर्चमध्ये एक ओळ कधी वाचली नाहीस. आणि काय बोलणार? कोणासाठी मत मागणार?"

"मत नाही मागायचं."

मग त्याला समजलं. तळघरातलं ते जेवण, थाळ्या, आपला आवाज, त्याला आठवलं की नाही, कोण जाणे. मार्सेलाला आठवत होतं. तिने ते बोलून दाखवलं नाही.

"लोक तुला हसणार नाहीत," शेवटी तो म्हणाला. "पण त्यांना पटणारही नाही, मार्सेला. तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे."

आणि तिला खरंच ठाऊक होतं. सोमवारी लोक ऐकून घेतील, माना हलवतील, 'बिचारी' म्हणतील, मग व्हर्जिल मोजेल आणि एक म्हणून पुकारेल, आणि व्यायामशाळा बर्डसॉलच्या टाळ्यांनी भरून जाईल. दवाखान्यातली ती खोली बंदच राहील. तिथे आता सामान ठेवतात. पुढची कोणी बाई पुन्हा त्याच रस्त्याने जाईल आणि तिच्याबद्दलही गाव काहीतरी ठरवून टाकेल. यातलं काही आपल्या बोलण्याने बदलेल असं तिला वाटत नव्हतं. तसं वाटायचे दिवस शनिवारी तळघरात संपले होते. फक्त थेरेसाने "बदल" असं सांगितलं नव्हतं. तिने "सांग" म्हटलं होतं.

सोमवारी दुपार कलली तेव्हा मार्सेलाने चांगला निळा झगा घातला, चर्चला जायचा. आरशात बघून एकदा म्हणून पाहिलं, "ती उशिरा निघाली नव्हती." आवाज घशातच राहिला. पुन्हा म्हटलं. थोडा बाहेर आला. तिसऱ्यांदा तिने म्हणून पाहिलं नाही, रडू आलं असतं.

शाळा जवळच होती. सभेला बराच अवकाश होता. व्हर्जिलने दारही उघडलं नसेल अजून. पण तिने कोट चढवला, डोक्याला रुमाल बांधला आणि वड्यांचं ताट दोन्ही हातांनी उचललं. दाराला पाठ लावून ते उघडलं. पायऱ्यांवर ताजा बर्फ पडला होता आणि अजून कोणाच्या पावलाची खूण त्यावर उमटली नव्हती. क्लूसनरांच्या घरातून कोणी उशिरा निघालं असं आज तरी कोणी म्हणू नये.

एक पाय टाकून तिने बर्फ चाचपला. मग दुसरा टाकला, आणि सावकाश शाळेच्या दिशेने चालू लागली.